चौदा आणि पंधराच्या मधला रस्ता

आई गेल्यानंतर बाराव्या दिवशी तिच्या खोलीतून रस्ता गेला. सकाळी सव्वासातला मी तिच्या फोटोपुढे उदबत्ती लावत होते, तेव्हा खिडकीशेजारच्या भिंतीतून एक बाई सायकल हाताने ढकलत आत आली. गल्लीच्या वळणावरून माणूस येतो तशी आली. भिंत जागेवर होती, भिंतीवरचं कॅलेंडरही हललं नाही. सायकलच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे मोठे डबे बांधलेले होते.

"जरा सरकता का ताई?" ती म्हणाली.

मी सरकले. ती खोली ओलांडून समोरच्या भिंतीशी गेली, कपाटाच्या उजव्या अंगाला पोचली आणि दिसेनाशी झाली. त्या भिंतीमागे आमचं स्वयंपाकघर आहे. मी जाऊन पाहिलं. ओट्यावर दूध तापत होतं, बाकी कोणी नव्हतं.

आठ वाजेपर्यंत एकोणसाठ माणसं गेली. बहुतेक शाळेच्या मुली, दप्तरं पाठीवर. शिवणाचं गाठोडं घेतलेला एक शिंपी. एक केळीवाला, हातगाडीसकट. सगळे एकाच दिशेने चालले होते, खिडकीकडून कपाटाकडे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे, आणि सगळे खोलीच्या उत्तरेकडच्या अर्ध्या भागातून. दक्षिणेकडच्या अर्ध्या भागात आईची लोखंडी खाट आहे. तिला कोणाचा धक्का लागला नाही. केळीवाल्याने गाडी थांबवून दोन केळी खाटेच्या चादरीवर ठेवली, नेहमीचं गिऱ्हाईक असल्यासारखी, आणि तो पुढे गेला.

मी कॉलेजात भूगोल शिकवते. जे दिसतं ते आधी मोजायचं, मग त्याबद्दल बोलायचं, असं मी मुलांना सांगते. आईच्या टेबलाच्या खणात तिची मोजपट्टी होती. खोली दहा बाय बाराची. रुंदी दहा फूट भरली. लांबी बाराच्या जागी चौतीस फूट भरली. मी अंगणात जाऊन बाहेरून मोजलं. घर होतं तेवढंच होतं.

दुपारी सोसायटीचे सेक्रेटरी वाईकर काका पुन्हा आले. बाराव्याचं जेवण त्यांनी आमच्याकडेच घेतलं होतं, तेव्हा पानावरून उठताना त्यांना हातगाडी दिसली होती.

"प्राची, हे काय चाललंय? सोसायटीतून बाहेरच्यांना ये-जा नाही. ठराव आहे तसा."

"ते सोसायटीतून जात नाहीत, काका. आईच्या खोलीतून जातात."

"खोली सोसायटीतच आहे ना?"

"आता ती चौतीस फूट आहे. सोसायटीत बसत नाही."

काकांनी विचार केला. "मग दार लावून घे."

"दारातून कोणी येतच नाही."

"तरी लाव. ठरावात दार असा शब्द आहे."

तेवढ्यात दुपारच्या शाळेच्या दोन मुली भिंतीतून आल्या. "आजोबा, रस्त्यात उभे राहू नका," त्यातली एक म्हणाली. काका पटकन बाजूला झाले आणि मग बाजूला झालो म्हणून स्वतःवरच चिडले. जाताना त्यांनी दार ओढून घेतलं.

आमची सोसायटी सरकारी नोकरांची आहे. चोवीस प्लॉट, मधे एक सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना ताम्हणाची झाडं. शाळा आमच्या फाटकापासून चार मिनिटांवर. रस्ता आमच्यापाशी येऊन संपतो, म्हणून त्यावर वाहनं नसतात. लहानपणी आम्ही रस्त्याच्या मधोमध खडूने रेघ ओढून बॅडमिंटन खेळायचो, कोणी कधी हॉर्न वाजवला नाही. सोसायटीच्या मागे उंच कंपाउंडची भिंत आहे आणि भिंतीमागे साळीवाडा, मागवाल्या विणकरांची वस्ती. आमचं जोतं उंच असल्याने आईच्या खिडकीतून भिंतीपलीकडे दिसतं. साळीवाड्याला बाहेर पडायला एकच तोंड, तेही नाल्याच्या बाजूला. तिथल्या माणसाला शाळेत यायचं तर भिंतीच्या कडेने चालत नाल्यापर्यंत जायचं, पूल ओलांडायचा, हायवेला लागायचं आणि उलटं फिरून यायचं. चाळीस मिनिटं. या वळशावर आधी एक चहाची गाडी उभी राहिली, मग एक हॉटेल झालं, मग दोन लॉज. साळीवाड्यातलं वाण्याचं दुकान त्याच सुमारास बंद पडलं, कारण सगळेच तिथून पुढे जाताना सामान घ्यायला लागले. मी शहरांची वाढ शिकवते, आणि हे सगळं माझ्या आईच्या खिडकीतून दिसत होतं. मला तेव्हा ती फक्त खिडकीतून दिसणारी माणसं वाटत होती.

पंधराव्या दिवशी मालनमावशी आली. तोवर खोली ऐंशी फुटांवर गेली होती.

मावशी आणि आई नगररचना कार्यालयात अनुरेखक होत्या. आरेखकाने पेन्सिलीने काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं खळ लावलेलं, आरपार दिसणारं कापड पसरायचं आणि खालच्या रेघा शाईने त्यावर उतरवायच्या, हे त्यांचं काम. कापड असलं तरी ऑफिसात त्याला कागदच म्हणायचे. शहराचा विकास आराखडा अशा एकवीस कागदांवर उतरवला गेला, मी वर्षाची होते तेव्हा. चौदा नंबर आईकडे होता. पंधरा नंबर मावशीकडे.

"चहा टाक गं. साखर घाल, डॉक्टरचं नाव काढू नकोस," म्हणत मावशी खाटेवर बसली. गुडघ्यांना पट्टे होते. रडायला आली होती, पण समोरून केळीवाला गेला आणि तिने पाय वर घेतले. तो गेल्यावर तिने फरशीवरची त्याची वाट नजरेने मोजली.

"रुंदी किती भरली?"

"वापरातली पाच फूट."

"म्हणजे दीड मीटर. माझीच बाजू." तिने डोळे पुसले. "शरयूनं तुला कधी सांगितलं नाही?"

"काय?"

"इथून वाट होती, बाळ. साळीवाड्यातून शाळेकडे. तीन मीटरची. तिचा मध्य बरोबर चौदा आणि पंधराच्या कडेवर यायचा. आता कडेवरची रेघ दोघींनीही काढायची असते, आपापल्या कागदावर, आणि कडेच्या बाहेर अर्धा इंच न्यायची, म्हणजे कागद जोडले की जुळतं. ती अजून काढायची होती आणि कोणाचातरी वाढदिवस निघाला. वडे आले."

"वड्यांमुळे राहिली?"

"वड्यांमुळे नाही गं. हात धुवायला उठलो ना दोघी. परत बसलो तेव्हा मला वाटलं तिनं काढली, तिला वाटलं मी काढली. नकाशा मंजूर झाला. नकाशात वाट नाही म्हणजे वाट नाही. मोकळी जागा दिसली म्हणून तिथं सोसायटी आली, सोसायटी आली म्हणून भिंत आली. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले आणि तुझ्या आईला निघाला सतरा नंबर. बरोबर वाटेवरचा. आम्ही पेढे खाल्ले."

"तिला केव्हा कळलं?"

"राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी. खिडकीत बसून लोकांना वळसा घालताना बघत होती, आणि कळलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाली, मालन, आपण दोघी बसून काढू या. आपल्याकडे पहिल्या प्रती आहेत."

पहिल्या प्रतींवर शाईची दौत सांडली होती, असं मावशीने सांगितलं. बिघडलेला कागद टाकून द्यायचा असतो. पण ते कापड गरम पाण्यात घालून त्याची खळ काढून टाकली की उत्तम मलमल मिळते, त्यामुळे अनुरेखक बायका बिघडलेले कागद घरी न्यायच्या. माझे लहानपणचे सगळे हातरुमाल तसलेच होते. पंधरा नंबरचा मावशीने देव्हाऱ्याला पडदा केला होता. चौदा नंबरचं आईने काय केलं, ते तिला ठाऊक नव्हतं.

"मग काढली का नाही?" मी विचारलं.

मावशीने कप बशीत ठेवला. "दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन यायची आणि विचारायची. एकटीनं काढून उपयोग नाही, दोघींनी एकदम काढायला हवी. मी म्हणायचे, नोकरी जाईल. रिटायर झाले तेव्हा म्हणाले, आता हात थरथरतो. ती म्हणायची, बरं, पुढच्या वर्षी." तिने कपबशी बाजूला सारली. "तुझा फोन आला ना, त्यानंतर मला झोप नाही. बाराव्याला सकाळी उठले, देवाचा पडदा काढला, टेबलावर पसरला. हात अजिबात थरथरला नाही बघ. माझी बाजू झाली. तिची राहिली."

ती निघाली तेव्हा मी रिक्षा बोलावते म्हटलं. पण ती उत्तरेकडच्या अर्ध्या भागात उतरली, म्हणाली, शाळेकडून स्टँड जवळ पडेल, आणि मुलींच्या मागून लंगडत गेली. मी तिला बराच वेळ जाताना पाहू शकले. आता तेवढं अंतर होतं.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून भूमापक आले. इंगवले नाव. दारात त्यांनी चपला काढल्या, आत पाऊल टाकलं, इकडे तिकडे पाहिलं आणि परत जाऊन चपला घालून आले.

"रस्त्यावर अनवाणी बरं दिसत नाही, मॅडम," ते म्हणाले.

त्यांनी कपाटाच्या दारावर एक नोटीस चिकटवली. हरकती आणि सूचना मागवल्या होत्या, पंधरा दिवसांच्या आत, शेवटच्या दिवशी सायंकाळी पाचपर्यंत. मग साखळी लावून मोजलं. एकशे सहा फूट.

"हा अर्धा रस्ता आहे, मॅडम. अर्ध्या रस्त्याने जाता येतं, येता येत नाही. आणि गेलेलं कोणी परत येत नाही तोवर तो लांबत राहतो."

"कुठवर?"

"तुमच्या मिळकतीचं क्षेत्र संपेपर्यंत. कागदावर क्षेत्र ठरलेलं असतं. इथे वाढलं की घरात दुसरीकडे कमी होणार."

"यावर काय करता येतं?"

"हरकत घेता येते. मग रस्ता रद्द, खोली पूर्ववत दहा बाय बारा. नाहीतर राहिलेली बाजू नकाशावर काढायची. मग रस्ता पुरा होतो, मापात येतो, घर तुमचं तुम्हाला परत. ही खोली सोडून."

"कोणी काढायची?"

"चौदा नंबर ज्यांच्याकडे आहे त्यांनी."

"तो तुमच्या कार्यालयात असेल."

"कसरीनं खाल्ला. पंधराही खाल्ला. एकवीसमधले सहा उरलेत." त्यांनी साखळी गुंडाळली. "सहा कागदांवर शहर चालू आहे, मॅडम. काही अडत नाही."

"मी हरकत घेणार आहे," मी म्हटलं.

"कारण काय लिहू?"

"सदर खोलीत माझी आई राहते."

त्यांनी वर पाहिलं. "राहते?"

"राहते."

त्यांनी तसं लिहून घेतलं. अर्ज माझ्याकडे दिला, तो पुरा भरून आणि आई इथे राहत असल्याचा पुरावा जोडून मुदतीत द्यायला सांगितलं, आणि नमस्कार करून गेले.

घर हॉलपासून कमी व्हायला लागलं. आधी सोफा आणि टीव्ही यांच्यातलं अंतर गेलं, मग सोफा गेला. मला अडचण झाली नाही. माणसाला घरात किती जागा लागते याचे आकडे मला पाठ आहेत आणि ते नेहमीच जास्त धरलेले असतात. विसाव्या दिवशी स्वयंपाकघराचा ओटा वीतभर उरला. मी पोळ्या लाटणं बंद केलं आणि भात लावायला लागले. बाविसाव्या दिवशी माझी खोली दाराच्या जाडीएवढी झाली. मी पुस्तकं आधीच काढून आईच्या खाटेखाली रचली होती. त्या रात्रीपासून मी आईच्या खाटेवर झोपू लागले.

ती खाट चांगली चार फूट रुंद आहे. आई कायम भिंतीला चिकटून झोपायची, दुसरी बाजू मोकळी ठेवून. वडील मी तीन वर्षांची असताना गेले, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की ती जागा माझी. पण मी वेगळ्या खोलीत झोपायला लागल्यावरही ती जागा मोकळीच राहिली. आता मी तिच्यासारखी भिंतीकडे तोंड करून झोपले आणि सकाळी सव्वासातला माझ्या पाठीमागून मुली गेल्या, हळू बोलत, मला जाग येऊ नये म्हणून.

आई गेली तीही सकाळी सव्वासातलाच. याच खाटेवर, डोकं खिडकीकडे, पाय कपाटाकडे. शेवटी ती कपाटाकडे पाहत होती. सगळे जात होते त्याच दिशेला.

सायकलवाल्या बाईंचं नाव नागूबाई. शाळेत खिचडी शिजवायचं काम त्यांच्याकडे. चोविसाव्या दिवशी त्या पाणी मागायला थांबल्या. मी त्यांना खाटेच्या कडेवर बसायला सांगितलं. त्यांनी आधी सायकल नीट बाजूला घेतली, मागच्यांना जागा राहील अशी.

"तुमच्या आई इथंच बसायच्या, खिडकीत," त्या म्हणाल्या. "मी भिंतीपलीकडनं निघाले की हाक मारायच्या. नागूबाई, साडेसहा झाले, पाय उचला."

"रोज?"

"रोज. एकदा लई पाऊस होता तर भिंतीवरनं छत्री टाकली. मी म्हटलं, छत्री कशाला देता बाई, भिंतीला भोक पाडा की. मी आपली थट्टा केली. हसल्याच नाहीत त्या. चार दिवस खिडकीत आल्या नाहीत."

"संध्याकाळी परत कशा जाता?"

"नाल्यावरनं. इकडनं येऊन बघितलं, पण शाळेच्या बाजूला भिंत ती भिंतच. टेंगूळ आलंय बघा." त्यांनी पदर सरकवून कपाळ दाखवलं. "सकाळी चार मिनिटं आणि संध्याकाळी चाळीस. पहिलं दोन्हीकडनं चाळीस होतं तर काही वाटत नव्हतं. आता रोज संध्याकाळी राग येतो."

"रस्ता बंद होणार आहे," मी सांगितलं. "मी हरकत घेतेय. आईची खोली आहे."

नागूबाईंनी पेला खाली ठेवला. "घ्या की. तुमची आईच आहे ती." त्या उठल्या, डब्यांच्या दोऱ्या तपासल्या. "माझी आई गेली तेव्हा पुलावर ट्रक आडवा झाला होता. दोन तास खांद्यावर घेऊन उभे होते माझे भाऊ, उन्हात. स्मशान तुमच्या शाळेच्या मागंच आहे ना. आमच्या घराच्या गच्चीवरनं धूर दिसतो." त्यांनी सायकल पुढे ढकलली. "बरं, चालते. तांदूळ निवडायचेत."

त्या दिवशी मी हरकतीचा अर्ज पूर्ण लिहिला. अक्षर चांगलं आलं. पुरावा शोधायला आईची ट्रंक उघडली. रेशनकार्ड, लाइटबिलं, तिचं ओळखपत्र, असं एकेक बाहेर काढत गेले. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं माझं झबलं होतं. ते अंगात घातलेला माझा फोटो अल्बममध्ये आहे. फोटोत ते नुसतं पांढरं दिसतं. मी ते खिडकीच्या उजेडात धरलं. धुऊनही शाई पूर्ण गेली नव्हती. छातीवरून नाला वाहत होता. डाव्या बाहीवर साळीवाडा होता, एकेक घर वेगळं दिसत होतं. पाठीवर शाळा, आणि पोटाच्या जागी सांडलेल्या शाईचा मोठा फिकट डाग. उजव्या बाजूची शिवण म्हणजे कागदाची कड होती. आईने ती शिवण उसवून ठेवली होती, आणि त्या कडेलगत पेन्सिलीची एक रेघ होती. एकदा काढलेली नाही. पुसट झाली की पुन्हा, पुन्हा पुसट झाली की पुन्हा, अशी गिरवलेली. बोट फिरवलं तर कापडात खाच लागत होती.

पेन्सिल आरेखकाची आणि शाई अनुरेखकाची, यावर आई ऑफिसात भांडायची. एरवी पेन्सिलीला तिने कधी हात लावला नव्हता.

मी झबलं मांडीवर घेऊन बसले. समोरून दुपारच्या मुली गेल्या. खोलीचं पश्चिमेकडचं टोक आता दिसत नव्हतं. घराचं म्हणाल तर खाट, ट्रंक, खिडकी आणि एक गॅसची शेगडी एवढं उरलं होतं. मला मन घट्ट करावं लागलं नाही. काय करायचं ते स्पष्ट होतं, एक सोडून. धुतलेल्या कापडावर शाई फुटते.

मुदतीच्या आदल्या दिवशी नागूबाई आल्या तेव्हा मी विचारलं, "उद्या येताना वाटीभर खळ आणाल?"

"कशाला?"

"या कापडाला लावायची आहे. शाई फुटणार नाही अशी हवी."

त्यांनी झबलं दोन बोटांत धरून चोळलं. "मग ताण्याची आणते. आमच्या सुताला लावतो ती." त्या कापडाकडे पाहत होत्या. त्यांचं बोट डाव्या बाहीवर थांबलं. "हे आमचं घर आहे," त्या म्हणाल्या. "गच्ची नव्हती तेव्हा."

शेवटच्या दिवशी त्यांनी किटलीतून खळ आणली. मी झबल्याच्या सगळ्या शिवणी उसवल्या, तुकडे आईच्या ड्रॉइंग बोर्डावर जसेच्या तसे जुळवले, खळ लावली, वाळू दिली, आणि पेल्याच्या बुडाने घासून गुळगुळीत केलं. बोर्ड ठेवायला दुसरी सपाट जागा नसल्याने तो खाटेवर होता. साडेचारला मी मालनमावशीला फोन लावला आणि चौदा नंबर सापडल्याचं सांगितलं.

"स्पीकरवर ठेव," ती म्हणाली. "रुलिंग पेन आहे ना? स्क्रू किती पिळलाय?"

"आईने ठेवला होता तेवढाच."

"मग हात लावू नकोस त्याला. शाई दोन थेंब. आधी रद्दी कागदावर चालवून बघ."

हाताशी हरकतीचा अर्ज होता. मी तो पालथा केला आणि मागच्या बाजूला एक रेघ ओढून पाहिली. रेघ एकसारखी आली.

"आली?"

"आली."

"आता पट्टी लाव. रेघ अंगाकडे ओढायची. मधे थांबायचं नाही, श्वास सोडायचा नाही. कडेच्या बाहेर अर्धा इंच, विसरू नकोस. आम्ही विसरलो."

मी श्वास धरला. पेन पेन्सिलीच्या खाचेत आपोआप बसलं. साळीवाड्याच्या कडेशी सुरुवात केली, भिंत ओलांडली, सतरा नंबर ओलांडला, ताम्हणाच्या झाडांमधून आले आणि शाळेच्या फाटकाशी पोचले. तिथे कापड संपलं. मी आणखी अर्धा इंच गेले आणि बोर्डाच्या लाकडावर थांबले. मग श्वास सोडला.

पेन पुसून बाजूला ठेवलं.

"मावशी, झाली."

"कळलं मला," ती म्हणाली. "दारावरून कोणीतरी गेल्यासारखं वाटलं. आता खाट हलव. रस्त्यात आहे ती. शाई वाळायच्या आत हलव."

"एकटीने?"

"मग काय मी येऊ, या गुडघ्यांनी?" ती ओरडली आणि तिला रडू आलं, म्हणून तिने फोन ठेवला.

बाहेर वाईकर काका होते. मी दार उघडून त्यांना हाक मारली.

"मी हात लावणार नाही," ते म्हणाले. "ठरावाच्या विरुद्ध होईल." पण ते गेले नाहीत. ते खिडकीखाली ताटकळत उभे राहिले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "कंपाउंडची भिंत दिसत नाहीये, प्राची. मला पलीकडचं बंद दुकान दिसतंय."

मी बोर्ड उचलून खिडकीत वाळत ठेवला. खाटेखालची पुस्तकं बाहेर काढली, ट्रंक ओढून बाजूला घेतली. गादी गुंडाळली. नुसती खाट उरली, चार पायांची, तेलरंगाचे तीन थर असलेली. दिवाळीच्या साफसफाईला दर वर्षी आम्ही दोघी ती हलवायचो. मी डोक्याकडून, आई पायथ्याकडून. घासू नकोस, ती म्हणायची, फरशीवर रेघ उमटते. आई माझ्यापेक्षा बुटकी, त्यामुळे तिची बाजू कायम चार बोटं खाली असायची आणि खाटेवर विसरलेली वस्तू घरंगळत तिच्याकडे जायची.

पाच वाजून गेले. लांबून शाळेची घंटा ऐकू आली, आणि पहिल्यांदाच ती कपाटाच्या बाजूने आली. मग पावलांचे आवाज, बरेच, अजून दूर, पण या दिशेने येणारे. त्यात सायकलचे रिकामे डबे एकमेकांवर आपटत होते. मी डोक्याकडच्या बाजूला, खिडकीला पाठ करून उभी राहिले. उतरतं ऊन समोरून, त्या लांबच लांब खोलीतून, थेट डोळ्यांवर येत होतं. खाटेचा पायथा मला दिसत नव्हता.

मी वाकले, दोन्ही हातांनी लोखंडी पट्टी धरली आणि उचलली.

पायथ्याकडची बाजूही उचलली गेली. माझ्या बाजूपेक्षा चार बोटं खाली.